सिस्टरांचं त्रांगडं

सिस्टर कुठलीही गोष्ट आधी अंगठ्याने दाबून बघायच्या. सायकलचं चाक, गरोदर बाईचं पाऊल, बाजारातलं वांगं, तव्यावरची भाकरी. पाऊल दाबून खळगा राहिला की अंगावर सूज आहे, हे त्यांना नोकरीत शिकवलेलं. पण ते बोटात इतकं मुरलं होतं की आमच्या आरोग्य केंद्रात एकदा नवी खुर्ची आली, तर बसण्याआधी त्यांनी तीही दाबून पाहिली. मी हसलो. त्या म्हणाल्या, "भाऊ, दाबल्याबिगर कळत न्हाई."

मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या भीमाकाठच्या एका आरोग्य केंद्रात औषधं द्यायचो. कागदावर हुद्दा काहीही असो, गावाच्या तोंडी मी कंपौंडर. सिस्टर इनामगावच्या अलीकडच्या उपकेंद्रात होत्या. तुमच्याही गावाकडे अशी एखादी सिस्टर असेल. पांढरी साडी, सायकल, कॅरिअरला दोरीने आवळलेला लशींचा डबा. रोज जाता-येता दिसते, म्हणून आपण तिच्याकडे कधी नीट बघत नाही. मीही बघितलं नव्हतं. कालव्याच्या प्रसंगानंतर बघायला लागलो.

पल्स पोलिओ नुकतं सुरू झालं होतं. त्या रविवारी मी त्यांच्याबरोबर वाड्यावस्त्यांवर डोस पाजायला निघालो होतो. घोड धरणाच्या कालव्यावरचा फरशीपूल ओलांडताना कॅरिअरची दोरी सुटली आणि डबा पाण्यात पडला. कालवा काठोकाठ भरून चालला होता. डबा तरंगत, गिरक्या घेत लांब जाऊ लागला. मी नुसता बघत राहिलो. सिस्टरांनी सायकल माझ्या हातात दिली, चपला काढल्या, पदर खोचला आणि उडी मारली.

त्या डब्याच्या मागे गेल्या नाहीत. बाजूने हात मारत डब्याच्या पुढे गेल्या, तिथे वळल्या आणि तो आपल्याकडे येईपर्यंत पाण्यात उभं असल्यासारख्या थांबल्या. डबा आला, धरला, पुढच्या पायऱ्यांवरून बाहेर. तोवर काठावर उसातली माणसं जमली होती. सिस्टरांनी झाकण उघडलं, आतल्या बर्फाची पिशवी दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "घट्ट हाय. चला, पोरं खोळंबली असतील." तशा ओल्या साडीत त्यांनी दुपारपर्यंत डोस पाजले.

त्यांचं माहेर दौंड तालुक्यात, भीमेच्या पलीकडच्या काठावर. समोर वडगाव रासाई. लहानपणी त्या कमरेला भोपळा बांधून नदी ओलांडायच्या, पुढे भोपळा सुटला. लग्न झालं आणि पाणीही सुटलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "सासरी कुणी इचारलंच न्हाई पोहता येतं का. भाकरी येत्यात का इचारलं व्हतं." तक्रारीचा सूर नव्हता. कुणाचा तरी रिपोर्ट वाचून दाखवावा तसं सांगितलं.

त्यांचा धाकटा भाऊ दौंडला पोलिसांच्या दलात जवान होता. खेळाडू माणूस. ट्रायथलॉन नावाच्या शर्यतीत तो दरवर्षी उतरायचा. दीड किलोमीटर पोहायचं, तसंच ओल्या अंगाने चाळीस किलोमीटर सायकल हाणायची आणि उतरल्यावर दहा किलोमीटर धावायचं, मधे विश्रांती नाही. त्या वर्षी फुटबॉल खेळताना त्याचा पाय मोडला. प्लास्टर घालून तो क्वार्टरमध्ये पडून होता आणि त्याची गिअरची सायकल भिंतीला टेकून होती. सिस्टर त्याला बघायला गेल्या. त्याने वेळ जावा म्हणून शर्यतीची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी एवढंच विचारलं की त्यात बायका असतात का. चार-पाच असतात म्हणाला. मग त्यांनी उठून सायकलचं पुढचं चाक दाबलं, हवा कमी आहे म्हणाल्या, आणि संध्याकाळच्या एसटीच्या टपावर टाकून ती सायकल घरी घेऊन आल्या.

खरी धास्ती होती ती सासूबाईंची. सिस्टर त्यांना आत्याबाई म्हणायच्या, म्हणून आम्हीही. ते घर पूर्वी मेंढरं राखणारं. आता विहीर, ऊस, दोन गायी असा संसार बसला होता, पण आत्याबाईंची काठी आणि आवाज अजून रानातलेच होते. त्यांना रक्तदाब होता. मी गोळ्या पोचवायचो. त्या मनाला आलं तर घ्यायच्या.

शर्यतीची गोष्ट निघाली त्या दिवशी मी गोळ्या घेऊन ओट्यावर बसलेलो होतो. सिस्टरांनी तिन्ही प्रकार समजावून सांगितले. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एक करून भागत न्हाई व्हय? त्रांगडंच की हे." तेव्हापासून त्या घरात त्या शर्यतीला त्रांगडं हेच नाव पडलं.

सिस्टरांचे यजमान रांजणगावच्या कारखान्यात होते. बोलायला कमी. त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं, "पोहायचं म्हंजी कापडं कसली घालायची? लोकं काय म्हणतील?"

उत्तर आत्याबाईंनी दिलं. "मेंढरं नदीपल्याड न्यायची तर लुगडं सोडून डोक्याला बांधायचो आमी. तवा लोकं काय म्हणत व्हती? मेंढरं मोजून घ्या म्हणत व्हती."

विषय तिथे संपला. मांडवगणच्या शिंप्याकडून बनियनच्या कापडाचा, गुडघ्यापर्यंत चड्डी, बंद गळा आणि बाह्या असा एक पोशाख शिवून आला. शिंप्याची समजूत अशी की तो कुणा कबड्डीच्या पोराचा आहे. त्याने पाठीवर नंबर टाकू का, असंही विचारलं होतं.

सराव घरच्या विहिरीत सुरू झाला. सकाळी सिस्टर आत गोल गोल फिरायच्या आणि आत्याबाई कठड्यावर काठी घेऊन बसायच्या. मोटार चालू करायच्या निमित्ताने कोणी बाप्या तिकडे वळला की काठी नुसती जमिनीवर आपटायची. पुढे पुढे घोडच्या धरणाच्या फुगवट्यावर जाऊ लागल्या, तिथेही राखण तीच. सायकलला मात्र आमच्याकडे चढ नाही. आमच्याकडे वारा आहे. न्हावरा-चौफुला रस्त्यावर दुपारनंतर समोरून असा वारा सुटतो की सपाटीवरही सायकल ढकलावी लागते. सिस्टर उपकेंद्राचं काम उरकून त्या वाऱ्याविरुद्ध केडगावपर्यंत जायच्या. रविवारी भाऊ कुबडी घेऊन कुरकुंभच्या बाजूला यायचा आणि तिथल्या एकुलत्या एका चढावर त्यांना वर-खाली करायला लावायचा. शिट्टी वाजवायचा, हिंदीत ओरडायचा. त्या घाम पुसत म्हणायच्या, "वरडू नको रं. मी काय तुझी पलटण न्हाई."

मला यातून काही निष्पन्न होईल असं वाटत नव्हतं. तसं मी बोललो नाही, पण त्यांना ते कळलं असावं. एक दिवस त्यांनी जाता जाता माझ्या टेबलावरच्या पेन्सिलीच्या डब्यात भावाची शिट्टी ठेवली आणि म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या रविवारी तुमी या. ह्यो लई घाई करतोय." मी गेलो, आणि मग जातच राहिलो.

शर्यत पुण्याच्या पलीकडे, डोंगरातल्या एका धरणावर होती. भाड्याच्या जीपमधून भाऊ, मी, सिस्टर आणि आत्याबाई असे आदल्या दिवशी गेलो. यजमानांना सुट्टी मिळाली नव्हती. त्यांनी शेवटपर्यंत हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. पण निघताना पाहिलं तर सायकल चकचकीत पुसलेली आणि चेनला ताजं तेल.

बायका पाच होत्या. बाकीच्या चौघी शहरातल्या, सराव झालेल्या, मनाने चांगल्या. एकीने सिस्टरांना आपला जादा पोहायचा चष्मा दिला. त्यांनी तो लावून बघितला आणि नम्रपणे परत केला. बाकी सगळे तोंड पाण्यात घालून पोहत होते. सिस्टर मान वर काढून. नदीत पोहणाऱ्याला पुढून काय वाहत येतंय ते बघावं लागतं, ती सवय. तरी बायकांत दुसऱ्या बाहेर आल्या. भावाने कुबडी हवेत उडवली.

सायकलचा रस्ता घाटाचा होता. वर चढायचं, पलीकडे उतरायचं, खालून लांबचा वळसा घालून पुन्हा पायथ्याशी, आणि असे दोन फेरे. आम्ही जीपने माथ्यावर जाऊन थांबलो. आत्याबाई गाडीतून उतरून कडेच्या दगडावर बसल्या. सिस्टर पहिल्या फेरीला वर आल्या तेव्हा मलाही विश्वास बसेना. संथ, एका लयीत, जणू न्हावऱ्याच्या वाऱ्यात चालल्या आहेत. पुढची बाई त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत मागे टाकली. म्हणजे त्या पहिल्या झाल्या.

आणि मग उतार आला. कुरकुंभचा उतार सरळ, खालपर्यंत दिसणारा. हा वळणावळणाचा, एका बाजूला दरी. सिस्टरांनी दोन्ही ब्रेक आवळले ते सोडलेच नाहीत. मागचं चाक फरफटत होतं, ब्रेकच्या रबराचा वास आमच्यापर्यंत आला. एक एक करून चौघीही त्यांच्या बाजूने सुसाट निघून गेल्या. भाऊ खाली बसला. आत्याबाईंनी काय झालं विचारलं. तो म्हणाला, "उताराला भ्याली. मी उतार शिकवलाच न्हाई तिला."

दुसऱ्या फेरीला सिस्टर बऱ्याच वेळाने वर आल्या. माथ्यावर आल्या आणि पाय टेकून उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा, बोटं वाकडी झालेली. भाऊ मला दबल्या आवाजात म्हणाला की कुणी हात लावू नका, लावला तर बाद करतील. आम्ही जागेवरच थांबलो.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "वळणाच्या फुडं काय हाय ते दिसतच न्हाई."

आत्याबाईंनी त्या रस्त्याकडे थोडा वेळ बघितलं. "वळणापतोर तर दिसतंय न्हवं? तितवर जा. फुडचं फुडं."

सिस्टरांनी वाकून पुढचं चाक अंगठ्याने दाबलं. मग निघाल्या. पहिल्या वळणापर्यंत आम्हाला दिसत होत्या. सरळीला ब्रेक सुटलेले, सायकल धावत होती, वळण आलं तसा जरासा दाबला, अंग कलतं झालं, आणि दिसेनाशा झाल्या.

धावताना ऊन चढलं होतं. आम्ही शेवटच्या रेषेपाशी उभे होतो. सिस्टर आल्या त्या पाय ओढत, पण धावत. वाटेत त्यांनी एकीला गाठलं होतं. आत्याबाईंनी विचारलं, "कितवी?"

"चौथी."

"किती जणी व्हत्या?"

"पाच."

"म्हंजी मागं हाय एक," आत्याबाई म्हणाल्या आणि पदराने सुनेचं तोंड पुसलं.

परतताना जीपमध्ये भाऊ आणि आत्याबाई झोपले. चौफुल्याच्या अलीकडे सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, दुसऱ्या उताराला मी वरडले. घाटात कुणी न्हवतं. लई मोठ्यानं वरडले."

गावात चौथा नंबर एवढाच पोचला. पाच जणींतला, हे कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. त्या उन्हाळ्यात विहिरीवर आधी दोन पोरी पोहायला आल्या, मग वस्तीवरच्या सगळ्याच. पाठीला भोपळे, कॅन, जे मिळेल ते बांधून. सिस्टर पाण्यात, आत्याबाई कठड्यावर. काठीला आता जास्त काम पडत होतं.

पुढच्या वर्षीची तयारी जोरात होती. भाऊ बरा झाला होता. घाटातला उतार सवयीचा व्हावा म्हणून दोघं बहीणभाऊ सुट्टीला लांब जाऊन यायचे. शर्यत तोंडावर आली आणि एका सकाळी आत्याबाई गोठ्यात पडल्या. अर्धं अंग गेलं. उजवा हात छातीशी दुमडून मूठ घट्ट मिटली. बोलणं जड झालं. शर्यतीला न्यायला भाऊ जीप घेऊन आला तेव्हा सिस्टरांनी सायकल बाहेर काढून त्याच्या हवाली केली. तो म्हणाला की दोन दिवसांचा प्रश्न आहे, शेजारच्या बघतील. त्या म्हणाल्या, "बघतील. पन त्यांना कूस बदलायची कळ माहीत न्हाई." तो शर्यतीला एकटा गेला. सिस्टर पुन्हा कधी उतरल्या नाहीत.

वर्षभराने त्यांची बदली झाली, दौंडच्या पार पलीकडे. शेत वाट्याने देऊन, घर आवरून सगळेच गेले. उपकेंद्रात नवी सिस्टर आली. ती स्कूटीवर येते, हुशार आहे. विहिरीवर मोटार चालते, कठड्यावर कोणी बसत नाही.

बदलीच्या आधी मी गोळ्या पोचवायला गेलो ती आमची शेवटची भेट. घराला कडी होती. शेजारच्यांनी नदीकडे बोट केलं. धरणातून पाणी सोडलेलं होतं, घोड नदी भरून वाहत होती. काठाच्या संथ पाण्यात सिस्टर छातीभर उभ्या होत्या आणि आत्याबाई त्यांच्या हातांवर उताण्या तरंगत होत्या. लुगडं पाण्यावर पसरलेलं. मी काठावरून हाक मारली, गोळ्या आणल्यात म्हणालो.

सिस्टरांनी मान वळवली नाही. "दगडावर ठेवा भाऊ," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आत्ता बाहेर न्हाई येत. आत्ता कुठं मूठ उघडलीय त्यांची."

मी बघितलं. तो हात पाण्यावर आडवा पडला होता आणि त्याची पाचही बोटं सुटी होती.