एकूण किती?

धरणगावजवळच्या एका खेड्यात मी दुसरीला शिकवत होते. नोकरीचं ते दुसरंच वर्ष. त्या वर्षी ‘किमान अध्ययन क्षमता’ आल्या. प्रत्येक मुलाला काय यायलाच हवं याची यादी ठरली आणि सगळ्या शाळांना एकच चाचणी लागली. निकाल कमी लागला तर बाईंना नोटीस, असं ऐकून माझी झोप उडाली होती.

चाचणी घ्यायला केंद्रप्रमुख स्वतः आले. त्यांनी पहिल्याच मुलीसमोर चिंचोक्यांचे दोन ढीग ठेवून विचारलं, “एकूण किती?”

ती नुसती बघत राहिली. तिच्या घरी ‘एकूण’ कुणी म्हणत नव्हतं. न राहवून मी तिच्या घरच्या बोलीत तेच विचारलं, “बठ्ठा कितला शेतस?”

“सतरा,” ती लगेच म्हणाली.

“बाई, चाचणीत तुम्ही बोलायचं नाही,” असं म्हणत साहेबांनी तिच्या नावापुढे फुली मारली. “पुन्हा बोललात तर वर कळवावं लागेल.”

मी भिंतीला टेकून उभी राहिले. पुढची पाच-सहा मुलं त्याच शब्दाला अडली. उत्तर त्यांना येत होतं, हे मला दिसत होतं. मी तोंड उघडलं नाही.

साहेब गेल्यावर ती मुलगी टेबलाजवळ आली. “बाई, मनं चुकनं का?”

“नाही, तुझं बरोबर होतं.”

हेच साहेबांसमोर म्हणायचं माझं धाडस झालं नव्हतं. तिच्या प्रगतिपुस्तकात ‘क्षमता अप्राप्त’ हा शेरा शेवटी मीच लिहिला.