आखूड हौद्याला कोणता हिच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. दिल्लीत मुनिरकाला ज्याच्याबरोबर चार वर्षं एका खोलीत काढली त्या सुहासलाही नाही — म्हणजे त्याला अर्धं माहीत आहे, गमतीचं अर्धं. उरलेलं माझ्यापाशीच राहिलं. आणि अडचण अशी की सांगायला सुरुवात केली की ऐकणारा हसतो. तुम्हीही हसाल. हसा, हरकत नाही. मीही बरेच दिवस हसत होतो.

आजच का सांगतोय? तसं काही मोठं घडलेलं नाही. सध्या आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो आणि माझी बायको मृणाल गाडी शिकतेय. गेल्या महिन्यात रिव्हर्स घेताना ती ब्लॉकच्या खांबाला घासली. मी मागे उभा राहून 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतो — मोबाइलमध्ये बघत. ती उतरली, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मला नाही जमणार बहुतेक." मी एकदम म्हणालो, "तुझं काही चुकलं नाही. मी सांगत होतो, मी चुकलो." आवाज असा काही निघाला की वरच्या मजल्यावरच्या भाभी गॅलरीत आल्या. मृणाल बघतच राहिली. "अरे यार, ओरखडाच तर आहे," म्हणाली. तिला काय माहीत मी कुणाशी बोलत होतो ते.

तर, मी वाशीमजवळच्या एका खेड्यातला. घरात एक सायकल, नंतर वडिलांची जुनी मोटरसायकल. चारचाकी चालवणं सोडाच, पुढच्या सीटवर बसण्याचे प्रसंगही बोटांवर मोजावेत इतके. आणि असा मी, दीड वर्ष अमेरिकेतल्या लोकांना गाडीमागे घर कसं जोडावं ते शिकवत होतो.

हसलात ना?

यूपीएससीचा दुसरा प्रयत्न पूर्वपरीक्षेतच आपटला होता आणि घरी फोन करून भाडं मागायची लाज वाटत होती. नोएडातल्या एका कंपनीचं काम मिळालं — परदेशी वेबसाइटांसाठी लेख लिहायचे, खोलीवर बसून. कुणाला औषधी तेलं मिळाली, कुणाला कुत्र्यांचे पट्टे. मला ट्रेलर मिळाले. लेखाखाली माझं नाव नसायचं. तिथं वॉल्टर नावाचा एक गृहस्थ होता — पांढऱ्या मिशा, टोपी, फोटोत मागे डोंगर. तीस वर्षं ट्रेलर ओढण्याचा अनुभव, असं त्याच्या नावाखाली लिहिलेलं. वॉल्टर म्हणजे मी. लोक लेखाखाली प्रश्न विचारायचे, त्यांना वॉल्टर म्हणून उत्तरं द्यायची, हेही कामातच होतं. सुहास सकाळी मेसला जाताना दारातून ओरडायचा, "काय वॉल्टरकाका, ट्रेलर निघाला का?"

आता खरं सांगायचं तर मला ते काम आवडायचं. मला कुतूहल फार, आणि हे मी गुण म्हणून सांगत नाहीये. राज्यघटनेची कलमं पाठ करून डोकं शिणलं की मी ती चित्रं बघत बसे. त्या लोकांकडे पिकअप गाड्या असतात, मागे उघडा हौदा असलेल्या. त्या हौद्यात, बरोबर मागच्या चाकांच्या आसावर, एक जोड बसवतात. त्याला पाचवं चाक म्हणतात आणि ते चाक नसतंच. जाडजूड लोखंडी तवा असतो तो, ग्रीस फासलेला, एका बाजूनं खाच असलेला. ट्रेलरच्या नाकाखालचा खुंट त्या खाचेत बसतो, जबडा मिटतो, आणि अख्खं घर — स्वयंपाकघर, पलंग, न्हाणीघर — गाडीमागून निघतं. कुणाला सुचलं असेल हे? पहिल्यांदा वळताना त्या माणसानं किती वेळा मागे बघितलं असेल? मी तासन्‌तास असले विचार करायचो. न बघितलेल्या वस्तूवर इतका जीव जडू शकतो, याचंच मला नवल वाटायचं.

एका सकाळी एका बाईंचा प्रश्न आला. त्यांचं नाव मी इथं सांगणार नाही. बाई म्हणतो. वय अडुसष्ट. नवऱ्यानं निवृत्तीनंतर दोघांनी फिरायचं म्हणून ट्रेलर घेतला आणि पहिल्या प्रवासाआधीच तो गेला. मुलं म्हणत होती, विकून टाक. बाईंना विकायचा नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, मी तो घेऊन एकटी बहिणीकडे जाणार आहे, मग पुढे जमेल तिथवर. नवऱ्याची टेप घेऊन त्यांनी सगळं मोजलं होतं. गाडीचा हौदा आखूड, जेमतेम साडेपाच फूट. ट्रेलरचं तोंड चौकोनी, कोपरे गोल केलेले नाहीत. हिच, म्हणजे तो हौद्यातला जोड, दोन प्रकारचे दिसतात, एक जागेवर पक्का बसणारा आणि एक वळताना मागे सरकणारा. माझ्या गाडीला कोणता घेऊ?

बघा, उत्तर प्रश्नातच होतं. आज मला ते ढळढळीत दिसतं. तेव्हा दिसलं नाही. चौकोनी तोंडाचा मुद्दा बाईंनी का लिहिला, हेच मला कळलं नाही.

मग मला सांगता आलं असतं ना, की ठाऊक नाही, एखाद्या गॅरेजवाल्याला विचारा? पण तुम्ही कधी आमच्या क्लासमध्ये बसला आहात का? तिथं पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात भरतात — प्रश्न कोरा सोडायचा नाही. विषय माहीत असो नसो, दीडशे शब्द लिहायचे. आधी प्रस्तावना, मग ही बाजू, मग ती बाजू, आणि शेवटी समतोल निष्कर्ष. आमच्यातला कुठलाही पोरगा तुम्हाला मंगळावरच्या पाटबंधाऱ्यांवर दीडशे शब्द ठोकून देईल, तेही उपशीर्षकांसकट. मी बाईंना तसंच उत्तर ठोकून दिलं. सरकणाऱ्या हिचचे फायदे आहेत, परंतु त्यात भाग जास्त, बिघाडाची शक्यता जास्त. नवशिक्या चालकानं साधेपणाला प्राधान्य द्यावं. वजन पेलण्याची क्षमता नीट बघून पक्का हिच घ्यावा. सगळं कसं मुद्देसूद. चहा गार व्हायच्या आत लिहून झालं होतं.

दोन दिवसांनी वॉल्टरच्या पत्त्यावर बाईंचा मेल आला. त्यांनी पक्का हिच मागवला होता, दहा दिवसांनी बसवायचा होता. आणि पुढे लिहिलं होतं की, हा प्रश्न मी चार पुरुषांना विचारला, चौघांनी आधी मला विचारलं की घरात कुणी मुलगा किंवा जावई नाही का. तुम्ही पहिले, ज्यांनी सरळ उत्तर दिलं.

ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेल? घरी मी नापास मुलगा होतो, क्लासमध्ये शेवटच्या बाकावरचा होतो. आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी मी असा माणूस वाटत होतो. सुखावलो होतो मी. आत्ताही सांगताना ते सुख आठवतं, आणि स्वतःची शिसारी येते.

त्या आठवड्यात रविवारी सुहासच्या मामांनी आम्हाला फरीदाबादला जेवायला बोलावलं. मामा तिथं एका कारखान्यात सुपरवायझर. मामींनी भरली वांगी केली होती, आम्ही दोघं मेसचे उपाशी, तुटून पडलो. जेवण झाल्यावर मीच मामांच्या मागे लागलो की मला खरं पाचवं चाक बघायचंय. मामा म्हणाले, "अरे, त्यात काय बघायचं? लोखंड आहे." पण नेलं. कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर कंटेनर ओढणारे मोठे ट्रक उभे असतात, तिथं एक मिस्त्री काम करत होता. रफीकभाई. त्यांनी मला तो तवा दाखवला. मी त्याला हात लावला, बोटं ग्रीसनं काळी झाली, आणि लहान मूल व्हावं तसा मी खूश झालो. प्रश्नांवर प्रश्न विचारले. त्यांनाही बरं वाटलं असावं, कारण असलं गिऱ्हाईक त्यांना कधी भेटलं नसणार.

तेवढ्यात मी सहज, अगदी सहज विचारलं — ट्रकच्या केबिनमागे एवढी मोकळी जागा का सोडलीय?

रफीकभाईंनी लाकडाचे दोन ठोकळे उचलले, एकापुढे एक धरले आणि पुढचा वळवला. मागच्याचा कोपरा फिरून पुढच्याच्या पाठीत रुतला. "ये देखो भाईसाब. जगह कम होगी तो मोड़ पे कोना सीधा केबिन में. फिर या तो कोना गोल चाहिए, या जोड़ पीछे खिसकना चाहिए."

मी ते ठोकळे त्यांच्या हातातून घेतले. स्वतः फिरवून बघितले. दोनदा. दोन्ही वेळा कोपरा बरोबर तिथंच लागला, जिथं पिकअपच्या केबिनची मागची काच असते. जिच्याआड बाईंचं डोकं असणार होतं.

परतताना मेट्रोत सुहास काहीतरी बडबडत होता, मी दिवस मोजत होतो. हिच बसवायला अजून सहा दिवस होते. बाईंचा मेल माझ्याकडे होता. दोन ओळी पुरल्या असत्या — माझं चुकलं, पक्का घेऊ नका, सरकणारा घ्या. आणि हे मला त्या मेट्रोतच लिहिता आलं असतं, फोन हातात होता.

सोमवारी सकाळी मी काय केलं ते सांगतो. आधी लेख दुरुस्त केला. आखूड हौदा आणि चौकोनी तोंडाचा ट्रेलर असेल तर सरकणाराच हिच घ्यावा, असा एक छान परिच्छेद घातला. ठोकळ्यांचं उदाहरणही दिलं. तो परिच्छेद खरोखर चांगला उतरला होता. मग खाली गेलो, बाईंचा प्रश्न आणि वॉल्टरचं उत्तर, दोन्ही निवडली आणि पुसून टाकली. बाईंना काही कळवलं नाही.

का? नोकरी जाईल म्हणून? कंपनीत कुणी विचारलंही नसतं. मला आजही खरंच कुतूहल वाटतं, की पुसण्याचं बटण दाबताना त्या मुलाच्या डोक्यात काय चाललं होतं. मी आठवायचा प्रयत्न करतो. आठवतं ते एवढंच, की सरळ उत्तर देणारा पहिला माणूस मला राहायचं होतं. चुकीचं उत्तर देणारा पाचवा व्हायचं नव्हतं. यासाठी मी एका अडुसष्ट वर्षांच्या बाईला काचेसमोर बसू दिलं.

तुम्ही म्हणाल, तरुण होतास. चोवीस वर्षांचा होतो. ठोकळे कसे फिरतात हे कळण्याइतका मोठा होतो.

दीडेक महिन्यानं, मेसमध्ये पोहे खात असताना मेल आला. बाई बहिणीकडे पोचल्याच नव्हत्या. पहिल्याच दिवशी पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना त्यांनी गाडी वळवली आणि ट्रेलरचा कोपरा मागची काच फोडून आत आला. मानेला पाच टाके पडले. गाडी ओढून न्यावी लागली. पंपावर उभा असलेला एक जण म्हणाला की असली गाडी बायकांनी चालवायची नसते. मुलगा येऊन त्यांना घरी घेऊन गेला, आता तो गाडीची किल्ली देत नाही. बाईंनी कुठंही मला बोल लावला नव्हता. शेवटी फक्त विचारलं होतं. तुम्हाला यातलं कळतं, म्हणून तुम्हालाच विचारते. खरं सांगा, दोष हिचचा होता, की माझ्या वळवण्याचा? माझा असेल तर मी ट्रेलर विकीन. पण मला नक्की कळायला हवं.

त्यांना तेवढंच हवं होतं. त्यावर त्यांचं पुढचं सगळं ठरणार होतं, आणि ते ठरवणं माझ्या हातात होतं. माझ्याकडे खरं उत्तर होतं, मी ते हातात धरून बघितलेलं होतं.

सुहास समोर बसून लिंबू पिळत होता. "काय रे, कुणाचा मेल?" म्हणाला. मी म्हटलं, कामाचा. आणि तिथंच, ताटलीशेजारी फोन ठेवून मी उत्तर लिहिलं. हिच योग्यच होता. वळण जरा जास्त तीव्र झालं असावं. सुरुवातीला असं होतं, मनाला लावून घेऊ नका.

बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. एवढंच — मलाही तसंच वाटलं होतं. माझा नवरा असता तर नीट वळवली असती. शनिवारी ट्रेलर बघायला माणूस येतोय. खरं बोललात, त्याबद्दल आभार.

मी त्यालाही उत्तर दिलं. लिहिलं की निर्णय शहाणपणाचा आहे. खाली नाव घातलं, वॉल्टर, आणि पाठवून दिलं.