कमलच्या पाच भाकरी

ये गं वैशाली, सरक अशी जवळ. तीन वर्षं झाली, बापाचं गाव आठवत न्हाई तुला, आणि मोबाइलवर मात्र जगभराचे डोंगर बघत बसतेस! मंग आता आत्याच्या तोंडून धावडा ऐक.

बदनापूरहून निघाले तेव्हा ऊन कोवळं होतं. भोकरदनला गाडी बदलली. पुढचा रस्ता असा पेंगुळलेला, की मी जागी होते का झोपले होते तेच कळेना. नांगरलेली रानं, मधेच फुलून पांढरा झालेला कडुनिंब, आणि पल्याड डोंगर, धुरात काढल्यासारखे निळे. थांबा मागं राहिला तेव्हा कंडक्टर हसला, "मावशी, धावडा गेला की! सपनात हाय का तुम्ही?" मंग काय, चालत माघारी.

दुसऱ्या दिवशी तलावातला गाळ काढायचं श्रमदान होतं. तिथली रीत अशी, की घरटी पाच भाकरी यायच्या, सगळ्या एकाच दुरडीत (बांबूची पसरट टोपली). कुणाची भाकर कुणाच्या वाट्याला गेली, कळत न्हाई.

"बौद्धवाड्यातूनही येतात?" मी तुझ्या बापाला विचारलं.

"न्हाई. ते गाळ काढायला येतात, पण भाकर आपापली खातात. मला काय अडचण न्हाई अक्का, पण शांताला…"

तुझी आई चुलीपासून उसळली. "माझं नाव कशाला? वन्सं, कमलबाईच्या हातचा चहा मी शेतात पिते. पण लोक काय म्हणतील?"

"लोक म्हंजे कोण?"

तुझी आई परत चुलीकडं वळली.

सकाळी मला दुरडीपाशी, सावलीत बसवलं. गुडघे गेले ना माझे. बौद्धवाड्यातली कमल शाळेत माझ्याच वर्गातली. तिचेही गुडघे गेलेत, पण ती मजुरी करते, आणि त्या दिवशी गाळाच्या पाट्या वाहून राह्यली होती. तिनं फडक्यातल्या भाकरी माझ्या मांडीवर ठेवल्या.

"सरे, टाक दुरडीत. संध्याकाळसाठी ठेवलेलं पीठ व्हतं, तेच थापलं. टँकर दोन्हीकडं सारखाच उशिरा येतो, मंग भाकरीलाच काय झालं?"

"टाकते की," मी म्हणाले. ती पाटी घेऊन गेली.

कुणी बघत नव्हतं गं. तरी फडकं उचललं आणि माझ्या पिशवीत सारलं.

दुपारी तलावाच्या कोरड्या पोटात पंगत बसली. वाऱ्यानं कडुनिंबाची फुलं ताटांत पडत होती. लांब बाभळीखाली कमल नुसती पाणी पीत बसलेली. मी गेले तर हळूच म्हणते, "तुझा भाऊ खाऊन राह्यला ती माझीच असंल. कडा बघ, जाड हायेत."

"असंल," मी म्हणाले, आणि ती लहानपणी हसायची तशी हसली.

परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर होती. डोंगर मागं सरत होते, आणि मला वाटत राहिलं, सगळा गाव एकाच झोपेत आहे, जो तो दुसऱ्याला भिऊन डोळे मिटलेला. लोक म्हणजे कोण, ते मला कळलं. त्या दिवशी दुरडीपाशी मीच बसले होते.

भाकरी वाळल्या. कोरड्यासात (पातळ भाजीत) भिजवून रोज एक खाल्ली.

श्रमदान अजून संपलेलं नाही. कमलला खरं सांगायचंय, आणि तिच्या हातच्या नव्या भाकरी तिच्यादेखत दुरडीत टाकायच्यात. एकटीला धीर होत न्हाई, पोरी. चल ना माझ्यासंगं. तलाव भरायच्या आत जाऊ.