अहवाल गावात वाचला तेव्हा

विद्यापीठाच्या सार्वजनिक धोरण विभागात मी संशोधन करत होते तेव्हाची गोष्ट. विषय होता वाघांचं जंगल आणि त्याच जंगलात मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया. मी माजरीची, कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढलेली; जंगल पाहिलं ते बसच्या खिडकीतून. सिंदेवाहीकडच्या एका गावात राहायचं ठरलं, पण एकट्या मुलीला खोली द्यायला कोणी धजेना. शेवटी एका विधवा बाईंनी दिली. "राह्य इथीच. मी बी एकटीच आहो," एवढंच त्या म्हणाल्या.

मोह वेचायला गेलेल्या त्यांच्या नवऱ्याला वाघानं मारलं होतं. हे मला गावातून कळलं. त्या बोलत नव्हत्या, म्हणून मीही विचारलं नाही. सकाळी त्यांच्यासोबत जंगलात जायचे, दुपारी अंगणात वाळत घातलेली फुलं हलवायचे. मला हिवताप झाला तेव्हा काम बुडवून त्यांनीच मला दवाखान्यात नेलं, घरी आणून भाताची पेज पाजली. माझ्या आईशी फोनवर त्याच बोलल्या. आई नंतर म्हणाली, त्यांचा आवाज ऐकला आणि माझी काळजी मिटली.

अहवालाचा मसुदा तयार झाला. आमच्या प्राध्यापक बाईंचा आग्रह असा, की ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनी तो आधी ऐकावा. त्या स्वतः गावात आल्या. बुद्धविहारासमोर सतरंज्या अंथरल्या आणि मी तो तिथल्या बोलीत, जमेल तसा, वाचला. बाया मध्येच थांबवत, सुधारत होत्या. वाचून झालं तशा माझ्या घरमालकीणबाई उभ्या राहिल्या.

"माह्या माणसाचं बी लिहा त्यात," त्या म्हणाल्या. "लोक म्हणतेत, काऊन गेला होता तिथी? मोह वेचाले गेला होता. घरासाठी गेला होता. एवढं लिहा."

मग शेजारीण सांगू लागली, की त्या वाटेवर घाणेरीची झुडपं इतकी माजली होती, की आत काय आहे ते दिसायचंच नाही. प्राध्यापक बाईंनी मला ते सगळं तिथंच बसून लिहायला लावलं. अहवालाची सुरुवात मग त्यानंच झाली.

चंद्रपूरला अधिकाऱ्यांपुढे अहवाल मांडायचा होता, तेव्हा घरमालकीणबाई आपणहून आमच्यासोबत आल्या. नवऱ्याचं आणि त्या वाटेचं त्यांनी स्वतः सांगितलं. पुढच्या मोहाच्या हंगामाआधी वाटेवरची झुडपं तोडली गेली आणि बायांसोबत वनविभागाची माणसं जाऊ लागली. वाघ आहेत, भीतीही आहे. पण त्या हंगामात गावातली प्रत्येक बाई घरी परतली.

आता मी शिकवते. विद्यार्थ्यांचा अहवाल गावात वाचून झाल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. ही रीत प्राध्यापक बाई आणि घरमालकीणबाई, या दोघींनी मला दिली. घरमालकीणबाईंना फोन केला की त्या अजून आधी तब्येत विचारतात, आणि मी जेवले का ते.