लाल गाडीखालचा पुठ्ठा

माझा धाकटा भाऊ मस्कतला एका गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या स्पोर्ट्स कार दुरुस्त करतो. आई गेल्यापासून तो अर्जुनीला घरी आलेलाच नव्हता. गेल्या हिवाळ्यात त्यानं मला एका गाडीचा फोटो पाठवला. लाल, बुटकी, दोनच दारांची. कुणीतरी गोंदियात विकायला काढली होती. लहानपणापासून त्याला अशी गाडी हवी होती. गाडी चांगली निघाली तर महिनाभराची सुट्टी काढून येतो, तुला बसवून नवेगावच्या तलावावर नेतो, असं तो म्हणाला. मग मी शाळेत रजा टाकली आणि सकाळची रेल्वे धरून गोंदियाला गेले.

मालकांची राईस मिल होती, गाडी तिच्याच अंगणात उभी होती. त्यांनी मोठ्या अदबीनं बॉनेट उघडलं. मी व्हिडिओ कॉल लावून फोन आत धरला. आतलं सगळं लखलखत होतं. मला बरं वाटलं, पण भावाचा आवाज बदलला.

"ताई, जुन्या गाडीचं इंजिन इतकं चकचकीत काऊन आहे? विचार त्यायले."

मालक हसून म्हणाले, "कल ही धुलवाया है, मॅडम." धुतलेल्या इंजिनावर गळती दिसत नाही, असं भावानं मला समजावलं. गाडी चांगली फिरवून आणायची, मग इंजिन गरम असतानाच खाली एक पुठ्ठा सरकवायचा आणि थांबायचं.

मालकांनी मला शेजारी बसवून बालाघाट रोडनं एक चक्कर मारली. सीट इतकी खाली होती की ट्रकची चाकं माझ्या डोक्याच्या वर दिसत होती. मधूनच काहीतरी जळल्यासारखा वास येत होता, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. मालकांच्या जागी मी मनातल्या मनात भावाला बसवून पाहत होते. तो गाडी चालवताना कसा दिसतो तेही मला ठाऊक नव्हतं. तो ते तिकडेच शिकला होता.

परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा ठेवला. मालक चहा सांगायला आत गेले. थोड्या वेळानं मी वाकून पाहिलं तर पुठ्ठ्यावर काळपट थेंब पसरत होते. फोन वाटेतच कटला होता, त्यामुळे ते फक्त मलाच दिसत होते. पुठ्ठा ओढून घेतला असता, गाडी छान आहे असं सांगितलं असतं, तर तो आला असता. मी तशीच वाकून राहिले. मग वाटलं, ही गाडी घेऊन तो हायवेला लागेल, आणि मी फोन लावला.

त्यानं टॉर्च लावून फोन गाडीखाली धरायला सांगितलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथं ओल होती. इंजिनाच्या वरच्या झाकणातूनही ऑइल झिरपून तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडत होतं. तो वास त्याचाच होता. इंजिनाचं मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय ते बदलता येत नाही, असं तो म्हणाला.

"नोको घेऊ, ताई."

"तू तं रोज हेच काम करून राहतोस. इथं येऊन कर ना."

"सारी सुट्टी गाडीखालीच जाईल."

मी अंगणाच्या कडेला गेले. मिलचा आवाज मोठा होता, म्हणून फोन तोंडाजवळ धरला.

"मले गाडी पाहिजेच नाही. तू ये."

तिकडे कुणीतरी पाना आपटल्याचा आवाज आला. मग त्यानं, जेवलीस का, असं विचारलं.

मालकांना मी थेंब दाखवले. त्यांनी वाद घातला नाही, फक्त मान हलवली, आणि चहा घेतल्याशिवाय जाऊ दिलं नाही. पुढे ती गाडी रायपूरच्या कुणीतरी नेली असं कळलं.

संध्याकाळी घरी पोचले. भावाची खोली मी दर रविवारी झाडते, त्या दिवशी रविवार नसताना झाडली. दिवाळीला तो आला नाही. येत्या उन्हाळ्यात येतो म्हणाला आहे. तिकीट मात्र अजून काढलेलं नाही.