समोरच्या घरातून विलायतेला

मी विलायतेला निघाले ती आमच्या घरातून नाही, समोरच्या घरातून. बोट सुटणार होती तो दिवस आत्याच्या पंचांगात वाईट निघाला, म्हणून आधीच्या गुरुवारी तिने माझं प्रस्थान ठेवलं. म्हणजे चांगल्या मुहूर्तावर घर सोडायचं, शेजारी जाऊन राहायचं आणि खऱ्या प्रवासाला तिथून निघायचं. मग वाईट दिवसाला आपण सापडत नाही, कारण आपण आधीच निघालेले असतो. तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधलेलं फडकं हातात घेऊन मी चिंचवडगावातली आमची गल्ली ओलांडली आणि तान्हूबाईंच्या ओसरीवर जाऊन बसले. एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढीच ती गल्ली.

अट एवढीच, की निघाल्यावर स्वतःच्या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. टाकलं तर प्रस्थान मोडलं. दोन दिवसांचा प्रश्न होता. पण शनिवारी मुंबईहून तार आली, की बोट दुरुस्तीसाठी अडकली आहे, सुटायला आठवडा तरी लागेल. त्याच संध्याकाळी अण्णांना, माझ्या वडिलांना, थंडी वाजून ताप भरला.

अण्णा देहूरोडच्या लष्करी डेपोत कारकून. त्यांनी मला आगगाडीने खडकीच्या इंग्रजी शाळेत पाठवलं तेव्हा गावात बरंच बोललं गेलं होतं. त्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं, की मुहूर्त, अपशकुन यांवर विश्वास ठेवू नये. माझा नव्हताच. तरीही मी गल्ली ओलांडली नाही. विश्वास नसलेल्या माणसालाही भीती वाटते, हे मात्र शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

तान्हूबाईंना ते बघवत नव्हतं. त्या जुन्या शेतकरी घरातल्या, आमच्या घरमालकीण. "आगं, जा की! बाप तापानं फणफणलाय आन् तू हितं काय माझ्या ज्वारीची राखण करतीस व्हय?"

आत्या समोरच्या दारातून म्हणायची, "तान्हूबाई, तिला भरीला घालू नका. मोडलेल्या प्रस्थानाचं विघ्न येतं."

"कुणावर येतंया? ती हाय हितं, तुमी हाय तितं. त्याला तरी कसं उमगायचं कुणाला धरायचं ते?"

तान्हूबाई हसायच्या. मला हसू येत नव्हतं, कारण माझाही प्रश्न तोच होता. मी आत गेले आणि विघ्न माझ्याऐवजी अण्णांवर आलं तर? आणि न जाताच निघून गेले, आणि पुन्हा ते दिसलेच नाहीत तर? डॉक्टर सायकलवरून येऊन सुई टोचून जायचे. छातीत कफ साठला आहे, इतकंच आई गल्लीत येऊन सांगायची आणि माझ्या डोळ्यांत न बघता घागर घेऊन पुढे व्हायची. मी खिडकीशी बसून खोकला ऐकायचे. खोकला आला की काळजी वाटायची. बराच वेळ आला नाही की जास्त वाटायची.

मी ज्यांच्याकडे निघाले होते त्यांच्याबरोबर लग्नानंतर जेमतेम पंधरवडा काढला होता. मग ते बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात काम शिकायला परत गेले. त्यांचा चेहरा आठवायला मला फोटो काढून बघावा लागायचा. अण्णांचा चेहरा आठवावा लागेल, हे तोपर्यंत मनातच आलं नव्हतं.

मुंबईला निघायच्या आदल्या दुपारी आमचं दार उघडलं आणि अण्णा बाहेर आले. अंगावर घोंगडी, हातात काठी, पायात आईच्या चपला. मागून आत्या ओरडत होती, "अरे सदा, पडशील! काय हा आचरटपणा!"

अण्णा गल्लीच्या मध्यावर दम खायला थांबले. "अक्का, घरात यायची बंदी तिला आहे. मला बाहेर जायची कुणी घातली?"

"या, या," तान्हूबाईंनी घोंगडं झटकून अंथरलं. "विलायतेचं टेसन हितंच हाय."

इतके दिवस हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. नियम जाणाऱ्याला असतो, राहणाऱ्याला नाही.

अण्णा फार बोलले नाहीत. डेपोत आलेल्या खोक्यांवर एडन, पोर्ट सैद, मार्सेल अशी नावं त्यांनी वर्षानुवर्षं वाचली होती. "कुमे, इमारती आणि पुतळे लिहू नकोस," ते म्हणाले, "ते पुस्तकात असतं. माणसं पायात काय घालतात, पाणी कसं भरतात, कुठे टेकतात, ते लिही. मला तिथे बसल्यासारखं वाटलं पाहिजे." मी मान हलवली. एरवीही मी कमीच बोलते, म्हणून त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

माझा सगळा परदेश मी असा त्यांच्यासाठी पाहिला आहे. सुएझच्या कालव्यात बोट इतकी हळू चालते, की काठावरचा माणूस बरोबरीने चालू शकतो. तसा एक चालत होताही. चपला हातात, पाय वाळूत. बाकीचे प्रवासी उंटांचे फोटो काढत होते. मी त्या माणसाकडे बघत होते आणि मनात एकच घोळत होतं: आज ताप उतरला असेल का? पोर्ट सैदला टपाल आलं. आईने लिहिलं होतं, ताप नाही, भात खाल्ला. त्या गावाबद्दल लोक बरंवाईट बोलतात. मला ते गाव फार आवडतं. तिथला कॉफीवाला पितळी भांड्यावर पेला वाजवत खाली धक्क्यावर उभा होता आणि मी चक्क त्याच्याकडे बघून हसले होते.

इथे विलायतेत सुट्टीच्या दिवशी बाहेर पडायची पद्धत आहे. हे मला खूप हिंडवतात. वेल्समध्ये समुद्राकाठी लँडडनो म्हणून गाव आहे. तिथे म्हातारी माणसं कोट घालून, गुडघ्यावर ब्लँकेट घेऊन, कापडी खुर्च्यांवर समुद्राकडे तोंड करून बसतात. पाण्यात कुणी उतरत नाही. वाऱ्याने चहाच्या कपात वाळू जाते, तरी पितात. मी अण्णांना लिहिलं, की इथे तुम्ही सहज खपून जाल, घोंगडीसकट. त्यांचं उत्तर आलं, "खुर्चीचं भाडं पडतं का?" विंडरमिअरच्या तळ्याकाठचे डोंगर पाहून 'आपल्या मावळासारखेच' असं लिहिणार होते, पण खोडलं. तसे ते नाहीत. तिथे दगडी कुंपणांना फाटक नसतं. भिंतीतून पुढे आलेल्या दगडांवर पाय देऊन माणसं पलीकडे उतरतात. बायका स्कर्ट सावरून उतरतात. मी साडी सावरून उतरले, तर एक बाई छत्री काखेत मारून टाळ्या वाजवायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांना ते सर्वांत आवडलं.

अशी तीन वर्षं गेली. मी लाजरी ती लाजरीच राहिले. इंग्रजी येतं तरी दुकानात बोट दाखवते. पण नवीन गावी उतरल्यावर पहिल्यासारखं धडधडत नाही. लोकांच्या पायांकडे बघायचं एक काम असतं ना.

मागच्या महिन्यात चिंचवडचा एक मुलगा आमच्याकडे जेवायला आला होता. पिंपरीच्या माळावर औषधांचा मोठा कारखाना झाला आहे, तिथून त्याला इकडे शिकायला पाठवलं आहे. पिठलं आणि भात पाहून तो इतका खुलला, की गावातल्या सगळ्यांची खबर देत सुटला. मी वाढता वाढता विचारलं, "आणि आमचे अण्णा?"

"मस्त आहेत की, वहिनी! तुमची पत्रं तान्हूबाईंच्या ओसरीवर वाचून दाखवतात. त्या साडीवाल्या कुंपणाचं तर तीनदा." मग भात कालवत, सहज म्हणाला, "वाळलेत मात्र फार. गल्ली ओलांडायची म्हणजे मध्ये एकदा बसतात. तान्हूबाईंनी तिथे दगडच टाकून ठेवलाय त्यांच्यासाठी."

आईच्या पत्रात यातलं काही नव्हतं. 'सर्व क्षेम' होतं. मला आणखी विचारायचं होतं, पण मी ताक आणायला आत गेले. हे मागून आले. ईस्टरला आम्ही एडिंबरोला जायचं ठरवलं होतं, राहायची खोलीही सांगून झाली होती. ते हळूच म्हणाले, "एडिंबरो कुठे पळून जात नाही. बोटीचं बघतो." फोटो न काढता आता मला यांचा चेहरा आठवतो, हे त्या क्षणी लक्षात आलं.

बोट मिळाली आहे. तिकडे राहिलेल्या वाचकांनो, हा लेख तुमच्या हातात पडेल तेव्हा मी एडनच्या आसपास असेन. इकडे आलेल्यांनो, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पत्र लिहिणाऱ्याचं क्षेम आपल्यापर्यंत पोचायला दिवस लागतात, आणि तेवढ्या दिवसांत तिकडे काय झालं ते आपल्याला कळत नाही. आपण इथे हसत असतो, तळ्याकाठी सँडविच खात असतो, आणि मध्येच हात थांबतो.

पूर्वी घर म्हणजे काय ते मला विचारावं लागत नव्हतं. कोण कुठल्या खोलीत आहे ते खोकल्यावरून कळायचं. आता जगातल्या पुष्कळ ठिकाणी मी निर्धास्त उतरते. कुठे काय पाहायचं, कुठे बसायचं, ते मला बऱ्यापैकी जमतं. एकच गाव असं आहे, की तिथे उतरल्यावर मी काहीही पाहणार नाही. आधी माणसं मोजणार आहे.