एका जागी ताठ, एका जागी सैल

माझ्या आत्याच्या सायकलची चेन एका जागी ताठ आणि एका जागी सैल होत होती, आणि रोह्याच्या कंपनीत फिटर असलेल्या मला ती दोन रविवार खपूनही जमली नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे फुशारकी मारायला जागा उरणार नाही.

आत्या पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. मूर्ती घडवणारे वेगळे, रंगवणारे वेगळे. बुबुळ आणि पापणीची रेघ काढणारी ती एकटी. हे काम ती सकाळच्या उजेडातच करते. आमचं गाव गागोद्याच्या बाजूला, तिथून एसटी तिला उशिराची पडते, म्हणून वर्षानुवर्षं ती सायकलनेच गेली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मी त्याच सायकलला बॅटरीवर चालणारी मोटर बसवली. मोटरची चेन डाव्या बाजूला असते. मागच्या चाकाच्या आऱ्यांवर नटबोल्टनी आवळलेली एक दातेरी चकती असते, तिच्यावरून ती फिरते. महिनाभर मी गावात कॉलर ताठ करून हिंडले.

मग एका उतारावर चेन उतरली आणि आत्या पडली. डावं कोपर सोलवटलं. नशीब, आखणीचा उजवा हात वाचला.

त्या रविवारी मी चेन जिथे लोंबत होती तिथे ताणून नीट केली. पाना पुसला, विषय संपला. दुसऱ्याच दिवशी मोटर कण्हायला लागली, कारण अर्धा फेरा पुढे गेलं की तीच चेन तारेसारखी ताठ व्हायची. पुढच्या रविवारी मी जरा सैल सोडली, तर ती पुन्हा उतरली. दोष चेनचाच म्हणून रोह्याहून नवी आणली. नवीचंही तेच. आमच्या कंपनीत चकती शाफ्टवर चपखल बसूनच येते, तिच्यावर संशय घ्यायची मला सवयच नव्हती. मी दुकानदाराला शिव्या घातल्या, मोटरला घातल्या, रस्त्याला घातल्या.

तिसऱ्या रविवारी सकाळी खिडकीजवळच्या खिळ्याला एक फडकं टांगलेलं दिसलं. त्यात आत्याचे आखणीचे ब्रश होते. ते ब्रश कधी घरी येत नसत. विचारलं तर शांतपणे म्हणाली, सोमवारपासून दुसरं माणूस बघा असं काल मालकांना सांगून आले. रिक्षाने ये, भाड्याचं आम्ही बघतो, असं मालक म्हणाले होते. पण रोज दुसऱ्याच्या वेळेवर अवलंबून राहायचं तिला पटलं नव्हतं.

माझं डोकं सणकलं. सायकल अंगणात उलटी ठेवली आणि पुन्हा पाना घेतला. आत्या पायरीवर बसून बघत होती. थोड्या वेळाने तिने चेन काढून ठेवायला सांगितली. मी म्हटलं, चेन काढून चेनचं काय कळणार? ती आत गेली आणि घरच्या गणपतीसाठी आणलेल्या शाडूतला लिंबाएवढा गोळा भिजवून घेऊन आली. तो तिने सायकलच्या मागच्या चाकाजवळच्या दांडीला चिकटवला आणि त्यात एक उदबत्तीची काडी खोचली. काडीचं टोक चकतीच्या दात्यांपासून तांदळाच्या दाण्याएवढं लांब ठेवलं. मग दोन बोटांनी चाक सावकाश फिरवलं.

अर्ध्या फेऱ्यात दाते काडीपासून लांब गेले. पुढच्या अर्ध्यात असे जवळ आले की काडी वाकली.

मी बघतच राहिले. चकती चाकाच्या मधोमध नव्हतीच. ती एका अंगाला सरकली होती, म्हणून चेन तिकडे ताणली जायची आणि इकडे लोंबायची. कंपनीत हेच तपासायला मी काटा हलून फरक दाखवणारं यंत्र लावते, आणि तीन रविवार मला ते सुचलं नव्हतं. हिने शाडू आणि उदबत्तीने पाच मिनिटांत दाखवलं. तुला कसं कळलं, असं मी विचारलं. माझा आवाज अगदी लहान झाला होता.

"मला चेनचं काय कळतं गो," ती म्हणाली. "कच्ची मूर्ती पाटावर असली की काडी अशीच धरायची नि पाट फिरवायचा. आपला हात हलवायचा नाय. मुकुट कुठं कलला हाय ते देवच दाखवतो."

पुढचं काम दोघींचं. मी सगळे नट जरा जरा ढिले केले. काडी जिथे वाकली तिथे खडूची खूण केली आणि लाकडाचा तुकडा ठेवून ठोकलं. ती नुसतं बोलायची, वाईच, अजून वाईच, बास. समोरासमोरचे नट आवळत गेलो. प्रत्येक वेळी चाक फिरवायची तीच. दुपार होत आली तेव्हा अख्ख्या फेऱ्यात काडी आणि दाते यांच्यातलं अंतर तांदळाएवढंच राहिलं. काडी काढून घेतली आणि चेन चढवून चार जागी दाबून पाहिली, चारी जागी बोटभर सैल. इतकी वर्षं मी ह्या बाईला मशीनमधलं समजावून सांगत होते. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त तिच्या नजरेपुढे वाकावंसं वाटलं.

ती मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन आली. मोटरचा आवाज जाताना जसा होता तसाच येताना.

हात धुऊन तिने खिळ्यावरचं फडकं काढलं, ब्रश एकेक उजेडात धरून पाहिले आणि सायकलच्या पिशवीत ठेवले. मग मालकांना फोन लावला. "उद्या येते मी. दुसरं माणूस सांगितलं असंल तर त्याला रंगाला बसवा. डोळं मी काढणार."

दांडीवरचा शाडू मी खरवडायला गेले, तर तिने माझा हात धरला. म्हणाली, असू दे, उद्या सांच्याला आले की काडी लावून परत बघू.